गुंडाप्पाचं पथ्य

मासा घरी आला त्याच आठवड्यात
मामंजींची शुगर निघाली तीनशे दहा.
काय खायचं नाही ते डॉक्टरांनी लिहून दिलं,
कागद दोन्ही बाजूंनी भरला.

माशाचं पथ्य इरण्णाने तोंडी सांगितलं,
गणपत गल्लीच्या आत, टाक्यांच्या निळ्या उजेडात:
"अक्का, ह्यो ओरांडा. नाजूक जात.
तरंगतं खाणं नको, वारा गिळतंय,
मग उलटं होतंय.
दाणे आधी भिजवायचे.
दोन मिनिटांत संपंल तेवढंच.
ह्याला पोटच नसतंय बघा, नुसती आतडी.
भूक कळती, भरल्यालं कळत नाही.
तवा तुम्हीच म्हणायचं, साकु."

साकु. पुरे.
शहापूरपर्यंत रिक्षात मी तो शब्द
मांडीवरच्या पिशवीतल्या पाण्यासारखा धरून आणला.

डोक्यावर लाल फेटा, पोट नगाऱ्यासारखं,
पोरीने नाव ठेवलं गुंडाप्पा.

सकाळी वाटाणा. उकडून, साल काढून, नखाने चिरडून.
एक वाटी टाकीपाशी, एक मामंजींपुढे,
त्यांच्या वाटीत चिमूटभर मीठ, एवढाच फरक.
पालकही दोघांना.
गच्चीवरच्या पिंपात पाणी हिरवं होऊ दिलं,
त्यात पाण्यातल्या पिसवा वाढवल्या,
त्या मात्र एकट्या गुंडाप्पाला.
"त्याची चैन आहे," मामंजी म्हणाले.
सोमवारी गुंडाप्पाचा उपास.
त्या दिवशी मामंजी टाकीकडे पाठ करून जेवायचे.

चाळीस वर्षं ह्या माणसाने कुंदा घोटला.
कढईच्या बुडाचा आवाज बदलला
की बघायच्या आधीच हात थांबायचा.
कुणाचं बारसं, कुणाचा निकाल,
कुणा दोन भावांचा बांधावरचा समेट,
सगळ्यांच्या जिभेवर हा हात पोचलेला.
आता त्या हातात मोजून सहा दाणे, भिजवलेले.

श्रावणात एका सकाळी गुंडाप्पा उलटा.
पोट वर, फेटा खाली, कल्ले तेवढे चाललेले.
मी इरण्णाला फोन लावला. "काय घातलासा?"
काही नाही, म्हटलं मी.
मागून आवाज आला: "कुंदा. मीच. मुगाएवढा."
मग बऱ्याच वेळाने:
"मीही घेतला. मुगाएवढाच."
मग आणखी वेळाने:
"काचेला तोंड लावून बघतो गं.
उघडतो, मिटतो, उघडतो.
दुकानातनं कुणाला हात हलवत पाठवलं नाही कधी."

मूग केवढा होता, मी विचारलं नाही.

तीन दिवस टाकीत काही पडलं नाही.
रात्री उठून बघायला गेले, तर स्टुलावर मामंजी आधीच,
वडगावकडचे माग तेवढे खटखटत होते.
चौथ्या दिवशी अर्धा वाटाणा.
सहाव्या दिवशी फेटा वर आला,
जरासा तिरका, पण वर.

आता दर रविवारी छोटी कढई मामंजींची.
वाटाणा, पालक, गाजर, लसणाची अर्धी पाकळी,
वरून भिजवलेलं चायना ग्रास.
घोटतात, कान कढईकडे.
"हां, आलं," म्हणून थाळीत ओततात,
थंड झालं की वड्या पाडतात,
कडा सरळ नसली तर ती वडी बाजूला.
सवयीने अंगठा चाटतात आणि तोंड वाकडं:
"ह्याला माणसं काय म्हणतील!"

मोहरीएवढे तुकडे बुडाशी जातात.
गुंडाप्पा खाली मुंडी घालून वाळू उकरतो,
काही थुंकतो, तेच पुन्हा उचलतो,
आणि वर येऊन, अर्थातच,
उघडतो, मिटतो, उघडतो.

मामंजी दोन्ही हात पाठीमागे धरतात.
"साकु," म्हणतात. माशाला की कुणाला.
मग बोटं लुंगीला पुसतात, दोनदा,
भट्टीवरून उठताना पुसायचे तशी.